सुलतानाला पाच मुली, आणि २०२७ जवळ येतंय

नोव्हेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडोनेशियात, जावा बेटावरच्या सोलो शहरात तेरावे पाकुबुवोनो वारले. पाकुबुवोनो हे तिथल्या राजांचं पिढीजात नाव. त्यांच्यामागे दोन सावत्र भावांनी गादीवर हक्क सांगितला, दोघांच्याही बाजूनं घराण्यातली माणसं उभी राहिली, आणि महिना संपेपर्यंत सोलोत 'चौदावे पाकुबुवोनो' एक नाही, दोन झाले होते. २००४ मध्ये बारावे वारले तेव्हाही असंच झालं होतं. तो तंटा मिटायला आठ वर्षं लागली.

मी सिंगापूरमध्ये राहतो आणि माझ्या टीममधले निम्मे लोक इंडोनेशियातले आहेत, त्यामुळे असल्या बातम्या इथं पेपरच्या आधी लंचच्या टेबलावर येतात. सोलोवरून चेष्टा चालली होती. टेबलावर एक सहकारी योग्याकार्ताचा होता, तो हसला नाही. म्हणाला, "त्यांच्याकडे दोन राजे झाले तरी कुणाचं काही अडत नाही. आमच्या राजाला सहीचा अधिकार आहे."

तो म्हणाला त्यात सगळं आलं. सोलो आणि योग्याकार्ता (तिथले लोक नुसतं 'जोग्या' म्हणतात) यांत साठेक किलोमीटरचं अंतर. दोन्ही राजघराणी एकाच मातारम राज्याच्या फाळणीतून निघालेली. १७५५ च्या गियांती तहानं डचांनी ती फाळणी पक्की केली. पण आज सोलोचा राजा म्हणजे एक वाडा, काही समारंभ आणि बरीच भांडणं. योग्याकार्ताचा सुलतान मात्र प्रांताचा गव्हर्नर आहे. इथं आपल्याकडचा राज्यपाल डोळ्यासमोर आणू नका. इंडोनेशियातला गव्हर्नर आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, कारभार चालवणारा. बाकी प्रांतांत तो थेट मतदानानं निवडून येतो. योग्याकार्तातल्या सुमारे ३७ लाख लोकांना ते मत नाही. २०१२ च्या खास कायद्यानुसार जो सुलतान, तोच गव्हर्नर. प्रांतिक विधानसभा दर पाच वर्षांनी त्याची कागदपत्रं तपासते आणि नेमणूक होते.

सध्याचे सुलतान दहावे हमेंगकुबुवोनो. जन्म १९४६ चा, गादीवर १९८९ पासून, गव्हर्नर १९९८ पासून. त्यांची चालू मुदत ऑक्टोबर २०२७ मध्ये संपते, तेव्हा ते ८१ वर्षांचे असतील. त्यांना पाच मुली आहेत. मुलगा नाही. आधीच्या सुलतानांप्रमाणे त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, आणि याबद्दल शहरात त्यांचा मानच राखला जातो.

३० एप्रिल २०१५ ला त्यांनी एक राजाज्ञा वाचून दाखवली. तिच्यात त्यांनी आपली बिरुदावली बदलली. 'बुवोनो'चं 'बावोनो' केलं (दोन्ही आपलं 'भुवन'च), आणि 'खलिफतुल्लाह', म्हणजे ईश्वराचा पृथ्वीवरचा प्रतिनिधी, हा शब्द गाळला. पाच दिवसांनी दुसरी आज्ञा आली. थोरल्या मुलीचं नाव बदलून 'मंगकुबुमी' ठेवलं. गियांती तहानंतर जो पहिला सुलतान झाला, त्याचं राजपुत्र म्हणून हेच नाव होतं. 'युवराज्ञी' असा शब्द कुठं वापरला नाही, पण अर्थ सगळ्यांना कळला. सुलतानांच्या भावांनाही कळला. ते इमोगिरीच्या डोंगरावर पूर्वजांच्या कबरींपाशी गेले आणि घराण्याच्या वतीनं क्षमा मागून आले.

बाहेरच्या पत्रकारांनी तेव्हा ही बातमी 'पुरोगामी सुलतान विरुद्ध कर्मठ भाऊ' अशी रंगवली. मला ती मांडणी अपुरी वाटते. भांडण मुलीचं आहेच, पण त्याखाली एक जुना करार आहे, आणि तो समजायचा तर इस्लाम या बेटांवर कसा आला इथपर्यंत मागं जावं लागतं.

आपल्या फॅमिली ग्रुपवर वर्षातून एकदा तरी फिरणारा फॉरवर्ड आठवा: 'जगातला सर्वांत मोठा मुस्लिम देश, पण नोटेवर गणपती!' ती नोट खरी होती. वीस हजार रुपियांची, १९९८ ची. पण ती २००८ अखेर चलनातून बाद झाली, हे फॉरवर्डमध्ये नसतं. आणि त्या नोटेवर गणपतीशेजारी जो माणूस आहे त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो की हाजार देवांतारा, तामान सिस्वा शाळांचा संस्थापक, आणि योग्याकार्तातल्याच पाकु आलाम या धाकट्या राजघराण्यातला. त्याच घराण्याचा प्रमुख आज कायद्यानं प्रांताचा उपगव्हर्नर असतो. फॉरवर्डचा सूर असा की बिचारे मुळात आपलेच होते, पुढं बाटले. दुसऱ्या बाजूचा फॉरवर्डही असतो, की इथं इस्लाम निव्वळ प्रेमानं, व्यापारातून पसरला, रक्ताचा थेंब सांडला नाही. दोन्हींत अर्धंच आहे.

सुमात्राच्या उत्तर टोकाला सामुद्रा-पासाईच्या सुलतान मलिक अस-सालेहची कबर आहे, १२९७ ची. त्याआधी पाचच वर्षं मार्को पोलो त्या किनाऱ्यावरून गेला होता आणि पेरलाक बंदरातले लोक मुसलमान झाल्याचं त्यानं नोंदवलं. पण मला सगळ्यात थक्क करणारा पुरावा पूर्व जावात सापडतो. माजापाहित हे तिथलं बलाढ्य हिंदू-बौद्ध साम्राज्य. त्याच्या राजधानीजवळ, त्रोवुलान आणि त्रालाया इथं मुसलमानांच्या जुन्या कबरी आहेत. काहींवर कुराणातली वचनं कोरलेली आहेत, आणि त्याच दगडांवर जावानी आकड्यांत साल आहे शके १२९०, शके १२९८. हिजरी नाही, शके. आपल्या पंचांगावर असतं तेच. म्हणजे १३६८ च्या सुमारास, साम्राज्य ऐन भरात असताना, दरबाराच्या आसपास वावरणारी जावानी माणसं मुसलमान झाली होती, आणि मेल्यावर आपलं साल आपल्याच पद्धतीनं लिहून घेत होती.

बंदरांची गोष्ट आपल्याला जवळची आहे. १५११ मध्ये आल्बुकर्कनं मलाक्का जिंकलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यानं गोवा घेतलं होतं. त्यानंतर मलाक्कात राहिलेला पोर्तुगीज औषधविक्रेता टोमे पिरेस तिथं येणाऱ्या व्यापाऱ्यांची यादी देतो. त्यात कैरो, मक्का, एडन, होर्मुझ, गुजरात यांच्यासोबत चौल, दाभोळ आणि गोवा आहेत. अलिबागला जाता-येता आपण ज्या चौलच्या पाटीकडं बघतही नाही, तिथली माणसं पाचशे वर्षांपूर्वी माझ्या सध्याच्या घरापासून बसनं चारेक तासांवर गाळे मांडून बसली होती. हे सगळे मुसलमान होते असं पिरेस सांगत नाही. मुद्दा इतकाच, की धर्म ज्या जहाजांतून फिरला ती जहाजं आपल्याही किनाऱ्यावरून सुटत होती. पूर्व जावात ग्रेसिकला मलिक इब्राहिमची १४१९ ची कबर आहे, तिचा कोरीव संगमरवर खंबायतचा मानतात.

व्यापारी येतात आणि जातात. त्यानं देश धर्म बदलत नाही. फरक पडला तो बंदरांच्या राजांनी बदल केला तेव्हा. मलाक्काचे राजे मुसलमान झाले, मसाल्याच्या बेटांतलं तेर्नाते झालं, जावाच्या उत्तर किनाऱ्यावर देमाक उभं राहिलं, १६०५ मध्ये सुलावेसीवर गोवा-मकास्सारचा राजा झाला (हे गोवा वेगळं, नाव तेवढं सारखं). राजाला यात काय मिळत होतं? कैरोपासून कँटनपर्यंत ओळखला जाणारा एक कायदा, कर्ज-उधारीचे ठरलेले नियम, लिहायला-वाचायला येणारे कारकून-मौलवी, आणि 'सुलतान' हे परदेशी व्यापाऱ्याला लगेच समजणारं पद. सॉफ्टवेअरवाल्याला हे पटकन कळतं: सगळं जग ज्या प्रोटोकॉलवर बोलतंय तो तुम्ही घेतला, की बाकीच्या वाटाघाटी सोप्या होतात. तलवार नव्हती असं मात्र नाही. देमाकनं उरलंसुरलं माजापाहित संपवलं. मकास्सारनं शेजारच्या बोनेला १६११ मध्ये युद्ध करून इस्लाम घ्यायला लावला.

आणि जावात धर्मानं राजाला जितकं बदललं, तितकंच राजानं धर्माला. याचा मोठा कारागीर मातारमचा सुलतान आगुंग. कारकीर्द १६१३ ते १६४५. त्यानं १६२८ आणि १६२९ अशी लागोपाठ दोन वर्षं डचांच्या बटाव्हियाला वेढा घातला, दोन्ही वेळा हरला. पण १६३३ मध्ये त्यानं केलेलं एक काम आजही जावातल्या भिंतींवर टांगलेलं दिसतं. त्यानं दिनदर्शिका बदलली. महिने चांद्र, इस्लामी घेतले, आणि वर्षाचा आकडा शकाचाच पुढं चालू ठेवला: शके १५५५ च्या पुढं मोजणी तशीच, फक्त वर्ष आता ३५४-३५५ दिवसांचं. त्यामुळे जावाचं शके आपल्यापेक्षा हळूहळू पुढं सरकत गेलं. जून २०२५ मध्ये आपलं १९४७ चालू असताना तिथं १९५९ लागलं. कुठलाही डेटाबेस मायग्रेट करणारा माणूस या युक्तीला दाद देईल. आतली सगळी व्यवस्था बदलली, पण लोकांच्या हातातला आकडा तुटला नाही.

याच आगुंगनं १६४१ मध्ये मक्केहून 'सुलतान' ही पदवी आणवली. त्याच वेळी दक्षिण समुद्राची राणी, रातू किदुल, हिचा मातारमच्या राजाशी गूढ विवाह होतो ही श्रद्धाही चालूच राहिली. ती आजही आहे. योग्याकार्ताचा राजवाडा दरवर्षी पारांगकुसुमोच्या किनाऱ्यावर तिच्यासाठी वस्त्रं आणि नैवेद्य समुद्रात सोडतो. मौलवी आणि राजा यांचं नेहमी गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. आगुंगच्याच मुलानं, पहिल्या आमांगकुरातनं, विरोधात गेलेल्या हजारो धर्मगुरूंची कत्तल करवली. १७५५ मध्ये पहिल्या हमेंगकुबुवोनोनं पूर्ण बिरुदावली घेतली ती या सगळ्या ओढाताणीतून आलेली आहे: 'सय्यिदिन पनातागामा खलिफतुल्लाह'. 'पनातागामा'तला 'आगामा' म्हणजे आपला आगम. धर्माची घडी बसवणारा. निम्मी बिरुदावली अरबीतून, निम्मी संस्कृतातून. मौलवींनी राजाला मानायचं, राजानं मशीद सांभाळायची, आणि समुद्राच्या राणीबद्दल कुणी फार बोलायचं नाही. करार म्हणतो तो हा.

२०१५ मध्ये दहाव्या सुलतानांनी या बिरुदावलीतला अरबी टाका उसवला. कारण उघड होतं. खलिफा पुरुषच असतो असं मानणाऱ्यांचं म्हणणं होतं, की तो शब्द आहे तोवर मुलगी बसू शकत नाही. म्हणून शब्दच काढला. भावांच्या बाजूनं मग दोन प्रकारचे आक्षेप आले, आणि दुसरा बाहेरच्यांना कळतच नाही. पहिला धार्मिक: खलिफा, इमाम, शुक्रवारची नमाज. दुसरा अस्सल जावानी: राणी गादीवर बसली, तर रातू किदुलचं लग्न कुणाशी लागायचं? आमच्या टेबलावर कुणीतरी हा प्रश्न अर्धवट हसत काढला, आणि नंतर बराच वेळ सगळे गप्प जेवत होते.

परंपरेचा दाखला द्यायचा तर तो दोन्हीकडून देता येतो. ज्या आचेला आज इंडोनेशियातला एकमेव शरिया प्रांत म्हणून ओळखतात, तिथं १६४१ ते १६९९ अशी ५८ वर्षं लागोपाठ चार सुलताना झाल्या. पहिली, ताज-उल-आलम सफियातुद्दीन, एकटी ३४ वर्षं टिकली; डच आणि इंग्रज वकील तिच्या दरबारात ताटकळत बसत. शेवटच्या कमालतला गादी सोडावी लागली ती मक्केहून, बाई राज्य करू शकत नाही असा फतवा आला म्हणून. जावातच, देमाकच्या घराण्यातली जेपाराची राणी कालिन्यामात हिनं पोर्तुगीजांच्या मलाक्कावर १५५१ आणि १५७४ मध्ये आरमारं पाठवली. २०२३ मध्ये सरकारनं तिला राष्ट्रीय वीर जाहीर केलं. प्रजासत्ताकातला दाखला तर आणखी मजेशीर. १९९९ मध्ये मुस्लिम राष्ट्राध्यक्षपदी बाई नको असं ठासून सांगणाऱ्यांत हमझा हाझ हे पक्षनेते आघाडीवर होते. २००१ मध्ये मेगावती राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि त्यांचे उपाध्यक्ष झाले तेच हमझा हाझ. आज पूर्व जावाच्या गव्हर्नर खोफिफा याही बाई आहेत, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनेच्या महिला शाखेच्या नेत्या म्हणूनच पुढं आल्या. बाई गव्हर्नर असण्याचं कुणाला वावडं उरलेलं नाही. अडतं ते 'सुलतान' या शब्दाशी, आणि योग्याकार्तात दोन पदं एकाच माणसाला चिकटलेली आहेत.

ती का चिकटली? १९४५ मुळं. नववे हमेंगकुबुवोनो, सध्याच्या सुलतानांचे वडील, लायडनला शिकलेले. स्वातंत्र्याच्या घोषणेनंतर तीन आठवड्यांत, ५ सप्टेंबरला, त्यांनी आपलं राज्य प्रजासत्ताकाचा भाग असल्याचं जाहीर केलं. डच परत आल्यावर १९४६ मध्ये राजधानीच जकार्ताहून योग्याकार्ताला हलवली गेली. सोलोच्या राजांना तेव्हा लोकांची नाडी कळली नाही. तिथं राजेशाहीविरुद्ध चळवळ पेटली आणि त्याच वर्षी खास दर्जा गेला. त्या एका निर्णयाची पुण्याई योग्याकार्ताच्या घराण्याला ८० वर्षं पुरली आहे. २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष युधोयोनो म्हणाले, की लोकशाही आणि राजेशाही एकत्र नांदू शकत नाही. त्यावर योग्याकार्तातले लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले, सुलतानाच्या बाजूनं. २०१२ चा कायदा त्यातून झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर दंगली झाल्या तेव्हा सुलतान स्वतः रात्री पोलीस मुख्यालयात जमलेल्या आंदोलकांसमोर आले. वय ७९. निवडून आलेल्या कितीजणांना तेव्हा बाहेर पडायची हिंमत झाली, हा प्रश्न माझे सहकारी अजून विचारतात.

म्हणून हा प्रश्न मला फक्त मुलीच्या हक्काचा वाटत नाही. थोरल्या मुलीला गादी नाकारण्याची कारणं मला लंगडी वाटतात. ज्या घराण्यानं शकाचं पंचांग वळवून घेतलं, त्याला एक बिरुद वळवता येत नाही हे कसं मानायचं? पण मुलगी बसली की प्रश्न मिटला, हेही मला पटत नाही. २०१२ च्या कायद्यानं सुलतानाच्या जमिनींवरचा मालकी हक्क मान्य केला. प्रांतातल्या कितीतरी घरांच्या, दुकानांच्या, किनाऱ्यावरच्या वाळूच्या खालची जमीन राजघराण्याची आहे. १९७५ च्या एका आदेशामुळे चिनी वंशाच्या नागरिकांना इथं जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही, आणि तो आदेश अजून चालतो. केंद्राकडून 'खास दर्जा निधी' येतो, गेल्या काही वर्षांत एक लाख कोटी रुपियांच्या वर. आपले साधारण पाचशे कोटी रुपये. तरी गेली बरीच वर्षं जावातल्या प्रांतांमध्ये गरिबीचं प्रमाण इथं सगळ्यात जास्त राहिलंय. जोग्याचा माझा सहकारी सुलतानाबद्दल आदरानं बोलतो, आणि घर मात्र त्यानं दुसऱ्या प्रांतात घेतलंय.

कायदेशीर वाट निम्मी मोकळी झाली आहे. गव्हर्नरपदाच्या उमेदवारानं द्यायच्या माहितीत कायद्यानं 'पत्नी' असा शब्द घातला होता, म्हणजे उमेदवार पुरुषच असणार हे गृहीत. ऑगस्ट २०१७ मध्ये घटना न्यायालयानं ती तरतूद रद्द केली. बाई गव्हर्नर होऊ शकते. सुलतान कोण व्हावं यात न्यायालय पडलं नाही. ते राजवाड्याचं काम. पण कायद्यात सुलतानाची व्याख्या करताना अख्खी जुनी बिरुदावली छापलेली आहे, खलिफतुल्लाहसकट. आमच्या भाषेत याला हार्डकोड करणं म्हणतात. २०१७ मध्ये मुदतवाढीच्या कागदांच्या वेळी हाच गुंता झाला. दोन वर्षांपूर्वी स्वतः बदललेलं नाव बाजूला ठेवून सुलतानांनी सरकारी कामापुरतं जुनं 'हमेंगकु बुवोनो' वापरलं. २०२२ मध्येही तेच. वाड्यात एक नाव, फायलीत दुसरं.

त्यांच्या हयातीत हे चालून जाईल. ऑक्टोबर २०२७ ला ते पुन्हा अर्ज भरू शकतात. वयाची वरची मर्यादा कायद्यात नाही. पण केव्हातरी विधानसभेच्या टेबलावर मंगकुबुमींच्या नावाची फाइल येईल, किंवा एखाद्या काकांची, किंवा सोलोसारख्या दोन फाइली एकदम. तेव्हा त्या आमदारांना ठरवावं लागेल की खलिफतुल्लाह लिहिलेल्या रकान्यात बाईचं नाव बसतं का. कायदा बदलायचा तर तो जकार्तात, संसदेत बदलावा लागेल, आणि तिथं एकदा तो उघडला की जमिनीचं आणि मतदानाचं कलमही उघडं पडेल. राजवाड्याला तेच नको असावं. दहा वर्षं होऊन गेली तरी तिथून दुरुस्तीची मागणी कुणी मोठ्यानं केलेली नाही.